शंभर कैद्यांतील चार स्त्रिया

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध केला. सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवरील खटला हे त्या लेखनाचे निमित्त होते. नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल तिला आदल्या वर्षी फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली आणि पुढे ती कमी करण्यात आली. परंतु एका विधवेच्या अपराधाचे निमित्त साधून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर जे ताशेरे झडू लागले, ते ताराबाईंना सहन झाले नाहीत. स्त्रिया जर इतक्या दुर्गुणी असतील, तर देशोदेशीचे तुरुंग कोणाच्या गर्दीने भरले आहेत, असा रोखठोक सवाल त्यांनी पुरुषवर्गास केला. त्या काळी हा सवाल उद्धटपणाचा वाटला. त्याचे उत्तर देण्याची गरज कोणास भासली नाही.

ते उत्तर आज सरकारी कोष्टकांतच छापलेले सापडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ सालच्या अखेरीस भारतातील कारागृहांत ५,७३,२२० बंदिवान होते. त्यांपैकी स्त्रिया होत्या २३,७७२, म्हणजे शंभरात जेमतेम चार. हे भारताचेच वैशिष्ट्य आहे असेही नाही. जगभरच्या कारागृहांतील स्त्रियांची जी गणना २०२२ साली प्रसिद्ध झाली, तीत स्त्रियांची व मुलींची संख्या ७,४०,००० हून अधिक असली तरी एकूण बंदिवानांत त्यांचे प्रमाण शेकडा ६.९ इतकेच होते. भाषा, धर्म, राज्यपद्धती आणि सुबत्ता यांबाबत एकमेकांशी काडीचे साम्य नसलेल्या देशांतही ही तफावत कायम आढळावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तथापि या तफावतीची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. गुन्हेगारीवरील व्याख्यानांत बेकारी, दारू, चित्रपट, झोपडपट्ट्या आणि ढासळती नीतिमूल्ये यांचा ऊहापोह होतो. गुन्हा करणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक माणसे पुरुष असतात, ही बाब मात्र सूर्य पूर्वेस उगवतो तितकी स्वाभाविक मानून सोडून दिली जाते. ज्या गोष्टी स्वाभाविक मानल्या जातात त्यांची कारणे शोधली जात नाहीत, आणि कारणे शोधली नाहीत की उपायही सुचत नाहीत.

दारिद्र्याचे अपुरे उत्तर

दारिद्र्य हे गुन्ह्याचे मूळ आहे, हे वाक्य शाळकरी निबंधापासून विधिमंडळातील भाषणापर्यंत सर्वत्र आढळते. त्यात तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. तुरुंगातील बहुसंख्य माणसे गरीब व अल्पशिक्षित असतात, हे उघडच आहे. पण दारिद्र्य आणि अज्ञान हीच जर गुन्ह्याची पुरेशी कारणे असती, तर कारागृहांत स्त्रियांची गर्दी दिसावयास हवी होती. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण पुरुषांत शेकडा ८० च्या वर होते, स्त्रियांत ते ६५ च्या आसपास होते. जमिनीच्या सात-बाऱ्यावर, घराच्या खरेदीखतावर, दुकानाच्या पाटीवर स्त्रीचे नाव अपवादानेच आढळते. एकाच झोपडीत, एकाच उपासमारीत बहीण व भाऊ वाढतात, आणि ताटात कमी पडते ते बहुधा बहिणीच्याच. असे असता चाकू घेऊन बाहेर पडतो तो भाऊ. तेव्हा दारिद्र्याच्या जोडीला आणखी काही तरी कारण असले पाहिजे, हे ओघानेच आले.

हे 'काही तरी' शोधण्याचा प्रयत्न पश्चिमेकडील अभ्यासकांनी शंभरहून अधिक वर्षे केला आहे. इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझो यांनी १८९३ साली आपल्या सहकाऱ्यासमवेत गुन्हेगार स्त्रीवर ग्रंथ लिहिला व या भेदाचे मूळ शरीरात असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते स्त्री जात्याच कमी विकसित व म्हणून निरुपद्रवी. तीतून एखादी गुन्हेगार निपजलीच, तर ती अपवादातील अपवाद, एक राक्षसीच. कवटीची मापे घेणारे हे शास्त्र केव्हाच मोडीत निघाले. पण त्यातील 'राक्षसी' हा शब्द मात्र लोकांच्या मनातून गेला नाही.

पुढे १९५० साली ऑटो पोलाक यांनी अगदी उलट टोकाचे मत मांडले. स्त्रियाही भरपूर गुन्हे करतात, परंतु ते स्वयंपाकघराच्या व शय्यागृहाच्या आड दडून राहतात, आणि उघडकीस आले तरी पोलीस व न्यायाधीश स्त्रीदाक्षिण्याने त्यांना सोडून देतात, असे त्यांचे म्हणणे होते. दाक्षिण्याचा हा मुद्दा आपल्याकडेही वारंवार ऐकू येतो. परंतु हे दाक्षिण्य कोणत्या स्त्रीच्या वाट्यास येते, हे पाहिले म्हणजे त्याचा पोकळपणा कळून येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण तारेच्या कुंपणाआड ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या जमातींतील स्त्रियांना पोलिसांचे दाक्षिण्य ठाऊक नाही. आणि घरात दडलेल्या गुन्ह्यांचा हिशेब मांडावयाचाच झाला, तर पत्नीला होणारी मारहाणही त्यात धरावी लागेल. तसे केल्यास तफावत कमी न होता वाढेल.

तिसरा खुलासा १९७५ साली पुढे आला. फ्रेडा ॲडलर यांनी असे भाकीत केले, की स्त्री घराबाहेर पडेल, पुरुषांच्या बरोबरीने कामे करू लागेल, तसतशी ती गुन्ह्यांतही पुरुषाची बरोबरी करू लागेल. योगायोग असा, की ताराबाईंचा विस्मृतीत गेलेला निबंध स. गं. मालशे यांनी नव्याने उजेडात आणला तोही त्याच वर्षी. ॲडलर यांच्या भाकिताची कसोटी पाहण्यास गेलेली पन्नास वर्षे पुरेशी आहेत. या काळात भारतीय स्त्री कचेरीत, बँकेत, पोलीस ठाण्यात व न्यायासनावर पोचली. पंचायतींत तिला राखीव जागा मिळाल्या. तरीही कारागृहांतील तिचा वाटा गेल्या दशकभर शेकडा चारच्या आसपासच रेंगाळत राहिला आहे. जगात स्त्री-बंदिवानांची संख्या २००० सालापासून जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढली आहे, हे खरे, आणि ही वाढ पुरुष-बंदिवानांच्या वाढीहून वेगवान आहे, हेही नाकारून चालणार नाही. परंतु एवढ्या वाढीनंतरही शंभरात सात स्त्रिया होत नाहीत. शिक्षणाने व नोकरीने स्त्री हिंसक बनते, ही भीती निराधार ठरली आहे.

सत्ता आणि हिंसा

शरीर नव्हे, दाक्षिण्य नव्हे, आणि केवळ उंबरठ्याचे बंधनही नव्हे, तर मग भेद कशाने पडतो? गुन्हा कोठे घडतो व कोण कोणावर हात उगारतो, हे पाहिल्यास उत्तराची दिशा सापडते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अभ्यासानुसार जगातील खुनांच्या आरोपींत नव्वद टक्क्यांहून अधिक पुरुष असतात, आणि बळी पडणाऱ्यांतही सुमारे ऐंशी टक्के पुरुषच असतात. भारतात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांतील बळींमध्ये ८,१२५ स्त्रिया होत्या, सुमारे ७० टक्के पुरुष होते. पुरुष बहुधा रस्त्यावर, शेताच्या बांधावर, गुत्त्यात किंवा टोळीच्या वैरात मारला जातो. स्त्री मारली जाते ती घरात. २०२२ साली जगात ज्या सुमारे ८९,००० स्त्रियांचे व मुलींचे हेतुपुरस्सर खून झाले, त्यांपैकी ५५ टक्के त्यांच्या जोडीदाराने अथवा कुटुंबीयाने केले होते. पुरुषांच्या खुनांत हे प्रमाण १२ टक्के आहे. जे घर पुरुषाचे आश्रयस्थान, तेच स्त्रीला सर्वांत धोक्याचे ठिकाण, असा याचा सरळ अर्थ होतो.

ज्याच्या हाती सत्ता आहे आणि ती गाजवल्याबद्दल ज्याला जाब विचारला जाण्याची भीती नाही, तो हात उगारतो. हा नियम स्त्रीलाही लागू आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. हुंड्यापायी सुनेचा छळ करणाऱ्यांत सासू असते, नणंद असते. भारतीय दंड संहितेत १९८३ साली कलम ४९८-अ व १९८६ साली कलम ३०४-ब घालण्यात आले, तेव्हापासून अशा स्त्रिया आरोपी म्हणून न्यायालयात उभ्या राहिल्या आहेत. २०१७ साली भायखळ्याच्या कारागृहात एक बंदिवान स्त्री मारहाणीनंतर मरण पावली व त्या प्रकरणी सहा कारागृह-कर्मचाऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. त्या सहाही स्त्रियाच होत्या. तेव्हा स्त्री ही स्वभावतः देवता आहे, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. सासूला सुनेवर अधिकार मिळतो तो मुलाच्या आईपणामुळे, आणि त्या अधिकाराचा उगम पुरुषप्रधान घरातच असतो. अधिकाऱ्याला बंदिवानावर तो मिळतो गणवेशामुळे. सत्ता स्त्रीच्या हाती आली आणि तिला वेसण नसली, तर तीही क्रूर होऊ शकते. मग पुरुषांच्या हिंसेचे प्रमाण इतके मोठे का, याचे उत्तर त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या व कोणी जाब न विचारलेल्या सत्तेतच शोधावे लागेल.

बंद दरवाजा

सत्तेच्या या रचनेत जी सर्वांत खाली दाबली जाते, तिच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्याची जातही निराळी असते. महाराष्ट्राने याचा अभ्यास फार पूर्वी, आणि तोही प्रत्यक्ष कृतीने केला आहे. पुण्यातील एका ब्राह्मण विधवेने अब्रूच्या भयाने आपले नवजात मूल मारले आणि तिला जन्मभर अंदमानची शिक्षा झाली, ही हकीकत महात्मा जोतीराव फुले यांनी १८८४ सालच्या आपल्या निवेदनात नमूद केली आहे. या घटनेवर समाजाची रीतसर प्रतिक्रिया म्हणजे धिक्कार. फुले दांपत्याची प्रतिक्रिया निराळी होती. १८६३ साली त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि विधवांनी येथे येऊन सुरक्षितपणे व गुप्तपणे बाळंत व्हावे, अशी जाहीर सूचना लावली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन गेल्या होत्या. पंढरपूर येथे १८७५ साली सुरू झालेला प्रार्थना समाजाचा बालकाश्रम हाही त्याच विचारसरणीचा.

फुल्यांच्या या कृतीत गुन्हेशास्त्राचा एक संपूर्ण सिद्धान्त सामावलेला आहे. विधवेने बालहत्या केली ती क्रौर्यामुळे नव्हे. तिच्यासमोरचे बाकीचे सर्व दरवाजे समाजाने लावून घेतले होते. पुनर्विवाह नाही, माहेर नाही, सासरी तोंड दाखवण्याची सोय नाही. एक दरवाजा उघडताच पस्तीस हत्या टळल्या असे मानण्यास जागा आहे. याउलट फाशीच्या व काळ्या पाण्याच्या धाकाने एकही टळली असेल की नाही याची शंकाच आहे. आणि या सर्व खटल्यांत त्या मुलाचा बाप कोठे होता? तो पुण्यात, सुरतेत, पंढरपुरात उजळ माथ्याने हिंडत होता. कायद्याच्या दृष्टीने त्याचा काही अपराध नव्हता, आणि समाजाच्या दृष्टीने त्याची तारुण्यसुलभ चूक झाली होती. गुन्हा एकीच्या नावावर नोंदला गेला तरी त्याची घडण अनेकांनी केली होती.

इंग्लंडने १९२२ साली स्वतंत्र कायदा करून प्रसूतीनंतरच्या विकल मनःस्थितीत मातेने केलेल्या अर्भकहत्येस खुनाहून वेगळे स्थान दिले. आपल्या दंड संहितेने तो भेद केला नाही. मात्र गर्भलिंगनिदानाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आपल्या कायद्याने अधिक शहाणपण दाखवले. महाराष्ट्राने या विषयावर देशात सर्वप्रथम १९८८ साली कायदा केला. त्यानंतर १९९४ च्या केंद्रीय कायद्याने असे गृहीत धरले, की तपासणीस आलेल्या स्त्रीवर तिच्या पतीने वा नातलगांनी सक्ती केलेली आहे. उलट सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर टाकला गेला. कृत्य कोणाच्या देहात घडले यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने घडले, हे पाहण्याची ही दृष्टी फुल्यांच्या दृष्टीच्या जवळ जाणारी आहे. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ होते, ते २०११ साली ८९४ वर आले. कायदा बरोबर असूनही घराची रचना बदलली नाही, म्हणजे काय होते, हे या दोन आकड्यांवरून कळते.

दोन न्याय

पुरुषाचा गुन्हा आणि स्त्रीचा गुन्हा यांना समाज दोन निरनिराळ्या तराजूंत तोलतो. कोल्हापूरच्या गावित भगिनींचे बालकांच्या अपहरणाचे व हत्यांचे प्रकरण १९९६ साली उघडकीस आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला, आणि ते रास्तच होते. त्यांची फाशी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि अंमलबजावणीतील विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत परिवर्तित केली. त्या कृत्यांची भीषणता कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या काळात वारंवार विचारला गेलेला प्रश्न होता, 'बाई असून असे कसे केले?' तितकीच भीषण कृत्ये करणाऱ्या पुरुषाबाबत 'पुरुष असून असे कसे केले?' हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. त्या एका शब्दयोजनेत समाजाची सारी समजूत उघडी पडते. हिंसा पुरुषाच्या स्वभावात धरलेली आहे, म्हणून तिचा विस्मय नाही, आणि विस्मय नाही म्हणून तिचा इलाजही नाही. स्त्रीचा गुन्हा मात्र दुहेरी, एक कायद्याविरुद्ध आणि दुसरा स्त्रीत्वाविरुद्ध. पहिल्याची शिक्षा न्यायालय देते व ती कधी तरी संपते. दुसऱ्याची शिक्षा घर आणि गाव देते, ती संपत नाही.

कायदाही या समजुतीपासून अलिप्त राहिला नाही. व्यभिचाराबद्दलच्या कलम ४९७ मध्ये शिक्षा फक्त पुरुषाला होती. पत्नीला साहाय्यक म्हणूनही दोषी धरता येत नव्हते, आणि तक्रार करण्याचा अधिकार होता तो तिच्या नवऱ्याला. मुंबई राज्यातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ही तरतूद स्त्रियांना दिलेली सवलत म्हणून वैध ठरवली. ती सवलत नसून पत्नीला पतीची मालमत्ता मानण्याचा प्रकार होता, हे त्याच न्यायालयाने २०१८ साली ओळखले व ते कलम रद्द केले. जिला गुन्ह्यास पात्र मानले जात नाही, तिला स्वतंत्र व्यक्तीही मानलेले नसते, हा धडा समजण्यास चौसष्ट वर्षे लागली.

या दुहेरी न्यायाचे परिणाम तुरुंगाच्या दारात दिसतात. पुरुष तुरुंगात गेला की त्याची आई, पत्नी, बहीण डबा घेऊन, पदराला पैसे बांधून मुलाखतीच्या रांगेत उभी राहते. वकिलाकडे खेटे घालते, दागिना मोडते, मुलांना सांभाळते आणि सुटून येईल त्या दिवसाची वाट पाहते. स्त्री तुरुंगात गेली की तिच्यासाठी रांगेत उभे राहणारे फारसे कोणी नसते. माहेरचे तोंड फिरवतात, सासरचे नाव टाकतात. पुरुषाच्या शिक्षेने घराची मिळकत जाते, स्त्रीच्या शिक्षेने बहुधा घरच जाते. २०२२ च्या अखेरीस १,५३७ बंदिवान माता आपल्या १,७६४ मुलांसह कारागृहांत राहत होत्या. या मुलांना कैदी मानता येणार नाही, त्यांना आहार, औषधोपचार, शिक्षण व पाळणाघर मिळाले पाहिजे आणि जन्मदाखल्यावर कारागृहाचे नाव असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावले. सहा वर्षांची मर्यादा संपली, की मूल आईपासून दूर होते. ते कोणाकडे जाणार, हा प्रश्न त्या आईला शिक्षेहून जड वाटत असल्यास नवल नाही.

कारागृहे बांधली गेली ती शहाण्णवांच्या हिशेबाने. देशातील तेराशेहून अधिक कारागृहांत केवळ स्त्रियांसाठी असलेली २०२२ साली चाळीसही नव्हती. परिणामी एक तर स्त्री पुरुषांच्या कारागृहातील एखाद्या कोपऱ्यात बंदिस्त होते, अथवा घरापासून शेकडो मैल दूर पाठवली जाते. आधीच न येणारे नातलग मग येण्याचे नावच घेत नाहीत. एकूण बंदिवानांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा अपराध अद्याप सिद्धच झालेला नाही. स्त्री आरोपीस जामिनाबाबत कायद्याने विशेष मुभा दिली आहे. जुन्या संहितेच्या कलम ४३७ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही कायम आहे. पण जामीन मंजूर होणे निराळे आणि जामीनदार मिळणे निराळे. जिच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही आणि जिच्यासाठी सही करण्यास भाऊही पुढे येत नाही, तिच्या हाती न्यायालयाचा हुकूम असूनही दरवाजा उघडत नाही.

करावयाचे काय?

उपाय अज्ञात नाहीत. १९८२ साली पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-बंदिवानांशी बोलून सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, कारण त्यांतील पाच जणींनी कोठडीत पोलिसांनी मारहाण केल्याचे सांगितले होते. त्या पत्रावर न्यायालयाने १९८३ साली स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री-शिपायांचा पहारा आणि अटक होताच कायदेशीर साह्याची व्यवस्था असे आदेश दिले. न्या. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८७ साली स्त्री-बंदिवानांवर सविस्तर अहवाल दिला व पोलीस दलात स्त्रियांची संख्या वाढवण्याची शिफारस केली. या गोष्टींना चार दशके होत आली. आता हवी आहे ती अंमलबजावणी. लहान मुलांच्या मातांना व किरकोळ गुन्ह्यांतील स्त्रियांना जातमुचलक्यावर सोडावे. जिल्ह्याच्या ठिकाणीच त्यांना ठेवण्याची व्यवस्था व्हावी. सुटकेनंतर त्यांना काम व निवारा देणारी घरे असावीत. शंभरांपैकी चारांसाठी इतके करणे कोणत्याही सरकारच्या खजिन्यास जड जाणारे नाही.

परंतु प्रश्नाची मोठी बाजू उरलेल्या शहाण्णवांची आहे, आणि ती तुरुंगाच्या भिंतीआड सुटणारी नाही. स्त्रियांच्या बाबतीत समाजाने एक गोष्ट करून दाखवली आहे. टंचाई, अपमान व राग सोसूनही हात न उगारणारी कोट्यवधी माणसे त्याने घडवली आहेत. ही घडण बहुतांशी धाकाने आणि कोंडमाऱ्याने झाली, म्हणून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, आणि मुलींना तशाच कोंडमाऱ्यात वाढवत राहावे असेही कोणी सुचवणार नाही. पण माणसाला संयम शिकवता येतो, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते. मग तो मुलांना का शिकवला जात नाही? बहिणीने आवाज चढवला तर 'पोरीच्या जातीला हे शोभत नाही' असे ऐकवले जाते. भावाने पाटी फेकून मारली तर 'मुलगा म्हणजे दांडगाई करायचाच' म्हणून हसण्यावारी नेले जाते. शाळेच्या मैदानावरील मारामारी मर्दुमकी ठरते, रडणारा मुलगा बायल्या ठरतो. या बाळकडूवर वाढलेला तरुण पुढे गुत्त्यात सुरा काढतो किंवा घरात पत्नीवर हात टाकतो, तेव्हा समाज आश्चर्याचा आव आणतो. सुऱ्याने मरणाऱ्यांतही बहुसंख्य पुरुषच असतात, हे लक्षात घेतले, तर मर्दुमकीच्या या कल्पनेची किंमत पुरुषही आपल्या प्राणांनी मोजत आहेत, हे पटावयास हरकत नाही.

यास्तव गुन्हेगारीच्या प्रतिबंधाचे काम पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी, माजघरात आणि प्राथमिक शाळेच्या वर्गात सुरू होते. दहा वर्षांच्या मुलाने वर्गमैत्रिणीची वेणी ओढली, तर तिला 'तू लक्ष देऊ नकोस' म्हणून गप्प बसवायचे, की त्याला तेथल्या तेथे उभे करून जाब विचारायचा, हा निर्णय कोणत्याही दंड संहितेत लिहिलेला नाही. तो रोज हजारो शिक्षक आणि आईबाप घेत असतात. तुरुंगातील पुढच्या पिढीचे आकडे त्या निर्णयांनी ठरणार आहेत.